पंचगंगेच्या काठी निर्माल्याचा हिशेब

कोल्हापूरच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर प्रयाग चिखली नावाचे गाव आहे. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेल्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचे पाणी या परिसरात एकत्र येते. गुप्त सरस्वती ही पाचवी, अशी लोकांची श्रद्धा. या पाच प्रवाहांची मिळून जी नदी पुढे निघते ती पंचगंगा. कोल्हापूरच्या घाटाला स्पर्श करून ती पूर्वेस वळते, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतील ऊसमळे भिजवते आणि सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास संपवून नृसिंहवाडीस कृष्णेच्या स्वाधीन होते. तिच्या उपनद्यांपैकी भोगावतीवरच राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले होते. कोल्हापूरच्या समृद्धीचा पाया या पाण्याने घातला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या खोऱ्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. नदीकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घराणी आहेत. कोल्हापूरच्या गुजरीत, लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीच्या व्यापारपेठेत आणि इचलकरंजीच्या कापड बाजारात आपल्या पेढ्या आणि दुकाने आहेत. या नदीचे पाणी आपण पितो, शेताला देतो. आणि आपण विकलेल्या मालातील काहींचा शेवटही तिच्याच पात्रात होतो. या शेवटच्या गोष्टीचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार काही शाळकरी मुले आपल्या वतीने करू लागली आहेत. भाद्रपदाच्या दिवसांत पंचगंगेच्या काठाने वाडीपर्यंत जाताना त्यांचे जे काम पाहिले, त्याची ही हकिकत.

घाटावरच्या काहिली

पंचगंगेचा घाट काळ्या दगडाचा. पावसाळ्यात त्याच्या बऱ्याचशा पायऱ्या पाण्याखाली असतात आणि पात्रालगतच्या लहान मंदिरांची केवळ शिखरे दिसतात. कोल्हापुरात घरगुती गणपतींचे विसर्जन बहुतांशी गौरीबरोबर होते. त्या दिवशी दुपारपासूनच घाटाकडे येणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. कोणाच्या डोक्यावर पाट, कोणाच्या हातात आरतीचे ताट, आणि जवळजवळ प्रत्येकाजवळ एक पिशवी. त्या पिशवीत घरातल्या पूजेचे पाच-सहा दिवसांचे निर्माल्य असते.

घाटावर या दिवशी जागोजागी काहिली मांडलेल्या दिसतात. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवण्याची लोखंडी, पसरट, प्रचंड कढई. गूळ हंगामाआधी ती रिकामी असते. तीत पाणी भरून मूर्ती बुडवायची आणि मग ती स्वयंसेवकांच्या स्वाधीन करायची, ही रीत कोल्हापुरात आता रुळली आहे. गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने नदी वाचवण्यासाठी गुऱ्हाळातलेच भांडे पुढे करावे, ही गोष्ट मोठी बोलकी वाटते.

काहिलींच्या बाजूला रबरी हातमोजे घातलेली मुले उभी असतात. काही महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची, काही माध्यमिक शाळांच्या हरित सेनेची. राष्ट्रीय हरित सेना ही योजना केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये सुरू केली. तिच्याखाली शाळांतून विद्यार्थ्यांची पर्यावरण मंडळे स्थापन झाली. त्याआधी, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य भाग करण्याचे निर्देश दिले होते. पुष्कळ ठिकाणी अशी मंडळे वृक्षदिंडी आणि चित्रकला स्पर्धा यांच्यापुढे जात नाहीत. पण ज्या शाळेतील शिक्षक मनापासून त्यात पडतात तेथे मुले घोषणांच्या फलकाऐवजी हातात टोपली घेतात, आणि मग त्या कामाला निराळेच रूप येते.

आम्ही पाहत होतो तेव्हा एक वृद्ध बाई निर्माल्याची पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरत होत्या. आठवी-नववीतली एक मुलगी पुढे झाली.

"आज्जी, निर्माल्य इकडं द्या की. पिशवी मोकळी करून देते तुम्हाला."

"देवाचं हाय बाळा. पाण्यातच जाऊ दे. कुणाच्या पायाखाली नको याया."

"पायाखाली न्हाई येणार, आज्जी. शाळेच्या बागेत खत करतो त्याचं. पुढल्या वर्षी त्याच खतावरची फुलं तुमच्या गणपतीला मिळतील बघा."

बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पिशवी मुलीच्या हातात दिली, टोपलीला नमस्कार केला आणि रिकामी पिशवी घडी करून परत नेली. मुलीने श्रद्धेशी वाद घातला नाही आणि पर्यावरणाचा धडाही वाचला नाही. आजींना भीती विटंबनेची होती. तिने त्या भीतीचे निरसन केले. पर्यावरणाच्या नावाने बोलणाऱ्या मोठ्यांना जे साधत नाही ते या मुलांना साधते, याचे कारण त्या संभाषणात आहे.

पाण्यात गेलेले फूल

फुले तर निसर्गाचीच. ती पाण्यात गेली तर बिघडले कोठे, असा प्रश्न अनेक सुशिक्षितही विचारतात. त्याचे उत्तर हरित सेनेची मुले सोप्या भाषेत देतात. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि मासे तोच श्वासाला घेतात. फूल, पाने, दूर्वा पाण्यात कुजू लागली की त्यांना कुजवणारे सूक्ष्मजीव हाच प्राणवायू वापरतात. कुजणारा पदार्थ जितका अधिक, तितकी ही ओढ अधिक. शास्त्रज्ञ या ओढीस जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. नदीचे पाणी स्नानास योग्य मानायचे तर एका लिटरमध्ये ही मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. वाहत्या, भरल्या नदीत मूठभर फुलांनी काही होत नाही. परंतु हजारो घरांचे निर्माल्य दोन-चार दिवसांत एकाच घाटावर पडले आणि पुढे बंधाऱ्यापाशी अडून राहिले, तर त्या डोहातील माश्यांचा श्वास कोंडतो. पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत आजही जपला जातो, त्यांना पाण्यातल्या जिवांची ही गोष्ट अधिक समजावून सांगावी लागणार नाही.

गोळा झालेले निर्माल्य शाळेच्या मागील अंगणात येते. तेथे खरे काम सुरू होते, आणि ते रम्य मुळीच नाही. हार सोडवावे लागतात. दोरा निराळा, जर निराळी, प्लास्टिकचे मणी, टाचण्या, फोमची फुले, कापराच्या डब्या, अगरबत्तीचे पुडे निराळे. अखंड नारळ बाजूला जातात, शेंड्या सुक्या थरासाठी ठेवल्या जातात. आघाडा, दूर्वा, केवडा, विड्याची पाने आणि फुले यांचा हिरवा ढीग होतो. हे सारे हाताने करावे लागते. त्याला यंत्र नाही. मुलांच्या बोटांना झेंडूचा वास दोन-दोन दिवस जात नाही.

त्यानंतर विटांच्या हौदात थर लावले जातात. फटी ठेवून रचलेल्या विटांमुळे हवा खेळती राहते. तळाशी काटक्या, त्यावर निर्माल्य, त्यावर साधारण तितकाच सुका पालापाचोळा, वर शेणकाल्याचा शिडकावा. आणि पुन्हा तोच क्रम. ओल किती हवी, याची मुलांची कसोटी अशी की मूठभर मिश्रण आवळले असता बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार येऊ नये. काही दिवसांतच ढिगाचा गाभा तापतो. नीट रचलेल्या ढिगात उष्णता ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. दर आठवड्यास तो खालीवर करावा लागतो. गांडुळे सोडायची असतील तर ही उष्णता पूर्ण उतरल्यावरच सोडतात, अन्यथा ती होरपळून मरतात. ही काळजी मुले आवर्जून घेतात, हे पाहून बरे वाटले. दीड-दोन महिन्यांत खत चाळणीला येते. भाद्रपदात गोळा केलेल्या फुलांची, त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात त्या सुमारास, काळी भुसभुशीत माती झालेली असते. तिला कसलाही दुर्गंध नसतो. पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास असतो.

मातीची मूर्ती, प्लास्टरची मूर्ती

निर्माल्यापेक्षा मूर्तीचा प्रश्न अवघड. शाडूची मूर्ती म्हणजे न भाजलेली माती. ती पाण्यात विरघळते आणि खाली गाळ उरतो. काही शाळांतील मुले ही मूर्ती नदीत वा काहिलीतही न नेता घरी बादलीत विसर्जित करण्याचा आग्रह धरतात. गाळ खाली बसला की वरचे पाणी झाडांना घालायचे, माती पसरून सुकवायची, कुटून चाळायची आणि पुढच्या वर्षीच्या मूर्तिकला शिबिरात तीच वापरायची. शाडू माती मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून येते. ती खणून काढावी लागते आणि तिचा साठा अमर्याद नाही. एकच माती दोन-चार वर्षे फिरली तर खाणीचाही भार हलका होतो आणि नदीचाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी. जिप्सम नावाचे खनिज भाजून ही भुकटी करतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ते कॅल्शियम सल्फेट. पाण्यात ते इतके हळू विरघळते की मूर्तीचे अवशेष महिनोन्‌महिने तळाशी पडून राहतात. त्यावरच्या चकचकीत रासायनिक रंगांत शिसे, क्रोमियमसारखे जड धातू असू शकतात. केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. तरीही घरोघरी त्या येतात, कारण त्या हलक्या, सुबक आणि स्वस्त असतात.

या अडचणीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक उपाय शोधला. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टरची मूर्ती ठेवली की दोन-तीन दिवसांत तिचे रूपांतर होते. हे रसायन बेकरीच्या धंद्यातील मंडळींना परिचित आहे. बिस्किटे फुलवण्यासाठी ते वापरतात. मूर्तीतील कॅल्शियम सल्फेटपासून तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा पांढरा साका बसतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते. अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले खत आहे. पुणे महानगरपालिकेने नागरिकांना हे रसायन पुरवण्याचा उपक्रमही केला.

शाळेच्या विज्ञानाच्या दृष्टीने यासारखा धडा नाही. मुले मूर्तीचे वजन करतात, त्या मानाने रसायन घेतात, उघड्या जागेत शिक्षकांच्या देखरेखीखाली पिंप ठेवतात, कारण अमोनियाचा उग्र दर्प नाकाला झोंबतो. दिवसातून काही वेळा लाकडी दांड्याने ढवळतात. विसर्जनापूर्वी हात जोडले जातात आणि नंतरच्या पाण्याचे काय झाले, याची नोंद वहीत होते. रंग मात्र या प्रक्रियेने नाहीसे होत नाहीत. म्हणून रासायनिक रंगाच्या मूर्तीचे पाणी बागेत घालू नये, हे मुलांना सांगावे लागते. उपाय आहे, पण तो अर्धाच आहे. पूर्ण उपाय मूर्ती विकत घेताना होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घाटावर दान केलेल्या मूर्ती बहुधा वाहनांतून रंकाळ्याजवळच्या इराणी खणीकडे नेल्या जातात आणि तेथे विसर्जित होतात. नदी वाचते, ही मोठी गोष्ट. परंतु प्लास्टर नाहीसे होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. दान दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे समजणाऱ्या आपल्या मनाला ती खण एकदा दाखवून आणावी.

पिशवीवरचे नाव

हरित सेनेच्या एका गटाजवळ एक साधी रेघांची वही होती. गोळा झालेल्या निर्माल्यातून जे जे निघते त्याचे वजन करून रकान्यांत लिहायचे: फुले-पत्री, कापड, कागद, नारळ, प्लास्टिक, थर्माकोल. वही मुलांनी मुलांसाठी ठेवलेली. पण ती वाचताना एखाद्या पेढीची रोजकीर्द वाचावी तसे वाटले. जमेच्या बाजूला काय आले, ते नोंदलेले. ते कोणाच्या नावे टाकायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी त्या गटातील एका मुलावर आली. त्याचे घराणे पूजासाहित्याच्या व्यापारातले. प्लास्टिकच्या ढिगात पिशव्या निवडताना त्याच्या हाती एक पिशवी आली. तिच्यावर त्याच्याच दुकानाचे नाव छापलेले. मग दुसरी, मग तिसरी. त्याने त्या वेगळ्या काढल्या नाहीत. प्लास्टिकच्या रकान्यात त्यांचेही वजन लिहिले. रात्री दुकान बंद करून वडील घरी आले तेव्हा त्याने विषय काढला.

वडिलांचे उत्तर आपल्यापैकी कोणीही दिले असते तेच होते. गिऱ्हाईक पिशवी मागते. आपण दिली नाही तर ते शेजारच्या दुकानात जाते. सणाचे आठ दिवस म्हणजे वर्षाची कमाई. त्या दिवसांत गिऱ्हाईक परत पाठवून कसे चालेल?

मुलाने एवढेच विचारले, "बाबा, शेजारच्या काकांचीही अडचण हीच असेल ना? मग दोघांनी मिळून बंद केली तर?"

या प्रश्नाजवळ थांबणे आवश्यक आहे. एकट्या दुकानदाराने चांगुलपणा दाखवला तर त्याचा धंदा शेजाऱ्याकडे जातो, आणि पुढच्या वर्षी तोही मुकाट्याने पिशव्या छापून घेतो. पण गल्लीतल्या सर्वांनी एकाच दिवसापासून ठरवले तर कोणाचेही गिऱ्हाईक तुटत नाही. गिऱ्हाईकच पिशवी घेऊन येऊ लागते. बाजाराची सुट्टी, उधारीची मुदत, हमालीचे दर आपले व्यापारी संघ एकमताने ठरवू शकतात; पिशवी त्याहून कठीण नाही. शिवाय हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षेची तरतूद झाली. पुढे १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. कायदा कपाटात आहे. घाटावरची वही उघडी आहे.

त्या घरात पुढे काय ठरले ते ठाऊक नाही. वडिलांनी त्या रात्री तत्काळ मान हलवली असे मुलगा म्हणाला नाही, आणि तसे लिहिणे खरेही होणार नाही. पण पिशवीवर छापलेले नाव जाहिरातीसाठी असते, ते नदीच्या काठी साक्षीसाठीही उभे राहते, हे त्या घराला कळले. आपल्या घरांतही मुले असतात, आणि ती शाळेत हरित सेनेत असतात.

रंकाळ्याचे केंदाळ

घाटावरून आम्ही रंकाळ्याकडे वळलो. महालक्ष्मी मंदिरापासून पायी जाता येण्याजोगा हा तलाव कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचा. संध्याकाळी त्याच्या काठावर फिरायला येणारी माणसे, भेळेच्या गाड्या आणि पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा. या रम्य पाण्यावर अधूनमधून हिरवा गालिचा पसरतो. कोल्हापुरात त्याला केंदाळ म्हणतात, इतरत्र जलपर्णी. फुले जांभळी आणि देखणी. पण ही वनस्पती वाढते ती पाण्यात उतरलेल्या सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या आत-बाहेर ती दुप्पट होऊ शकते. तिच्या आच्छादनाखाली सूर्यप्रकाश पोचत नाही आणि पुन्हा प्राणवायूची तीच टंचाई.

महाविद्यालयीन मुले काठालगतचे केंदाळ दोऱ्यांनी ओढून बाहेर काढतात, पाणी निथळू देतात, मुळे आणि देठ तोडून सुक्या पानांत मिसळून खताला लावतात. या कामात दोन पथ्ये आहेत. एक, काढलेले केंदाळ काठावरच सोडून जायचे नाही, नाहीतर पाऊस ते पुन्हा पाण्यात लोटतो. दुसरे, ज्या पाण्यात कारखान्याचे सांडपाणी उतरते तेथील केंदाळाचे खत भाजीपाल्याला वापरायचे नाही, कारण ही वनस्पती जड धातू मुळांत ओढून घेते. मुलांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. यंदा काढले तरी पुढच्या वर्षी केंदाळ येतेच. नाला जोवर तलावात वाहतो तोवर त्याला खाऊ मिळत राहणार. हात राबवल्यानेच हे त्यांना कळले. पुस्तकात वाचले असते तर परीक्षेनंतर विसरले असते.

वाडीपर्यंतचा रस्ता

नदीकाठाने पूर्वेस निघालो की मुलांच्या कामाची सीमा दिसू लागते. कोल्हापूर शहरातून जयंती आणि दुधाळी हे दोन नाले पंचगंगेस मिळतात. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभी राहिली आहेत. तरीही नाल्यातून प्रक्रियेविना पाणी नदीत उतरते अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. पुढे इचलकरंजी, महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाणारे. सूत रंगवणे, कापड धुणे-पिळणे यांतून निघणारे पाणी ही तेथील जुनी समस्या. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. त्या साथीने गरीब-श्रीमंत असा भेद केला नाही. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात पाणी अडते तेव्हा केंदाळ साचते आणि मेलेले मासे वर येतात, ही बातमी या भागातल्या वृत्तपत्रवाचकांस नवी नाही.

२०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतील ५३ एकट्या महाराष्ट्रातील, आणि पंचगंगाही त्यांत आहे. या दुखण्याचे मुख्य कारण सांडपाणी. निर्माल्य आणि मूर्ती हा त्याचा लहान भाग, तोही मुख्यतः सणासुदीचा. मग मुलांनी हार सोडवून काय साधते?

एक तर तो लहान भाग खरोखर कमी होतो, आणि जो भाग कमी होतो तो पूर्णतः आपल्या हातचा असतो. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दुसरे अधिक महत्त्वाचे. स्वतःच्या घराचे निर्माल्य नदीत न टाकणारा माणूस नाल्याकडे बोट दाखवू शकतो. जो स्वतः पिशवी टाकतो त्याला महापालिकेला किंवा कारखानदाराला जाब विचारताना आवाज चढवता येत नाही. वही ठेवणाऱ्या मुलांचा हाच अधिकार आहे. त्यांनी स्वतःच्या बाजूचा हिशेब चुकता केला आहे. आता दुसऱ्या बाजूची थकबाकी मागण्यास ती मोकळी आहेत. इचलकरंजीच्या कापड व्यवसायात आपल्यापैकी जे आहेत, त्यांच्या घरातली मुले उद्या प्रक्रिया केंद्र रोज चालते का, असे विचारतील. त्या प्रश्नाला कागदपत्रांनी नव्हे, पाण्याने उत्तर द्यावे लागेल.

कोल्हापूर हे विद्यार्थ्यांचे गाव. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी करण्यास बळ दिले आणि खेड्यांतून आलेली मुले शिकून आपापल्या गावी परतली. नदीचे शिक्षणही असेच पसरावे. घाटावर काम करणारी मुले पुढे व्यापारी, वकील, अधिकारी, शेतकरी होतील. पंचवीस वर्षांनी सांडपाण्याच्या कागदावर सही करणारा हात एकेकाळी झेंडूच्या वासाचा असेल, तर ती सही करण्यापूर्वी तो थोडा थांबेल.

आपल्या घरापासून

दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीस सुरू होते आणि अनंत चतुर्दशीस पूर्ण होते. सार्वजनिक गणपतींचे विसर्जनही त्याच चतुर्दशीस. आपण मंदिरात संयमाचे प्रवचन ऐकत असतो तेव्हा आपली दुकाने सणाचा माल विकत असतात. या दोन गोष्टींत अंतर राहू नये, एवढेच वाचक बंधुभगिनींस सुचवावेसे वाटते.

पूजासाहित्य, सजावट आणि फुलांचा व्यवसाय करणाऱ्यांनी श्रावणातच आपापल्या गल्लीच्या बैठकीत पिशवीचा निर्णय घ्यावा. भाद्रपद उजाडल्यावर उशीर होतो. हार दोऱ्यात ओवलेला आणि मण्यांविना मागावा. दुकानदाराने तसाच ठेवावा. ज्यांची गोदामे शाळेजवळ आहेत त्यांनी खताच्या हौदासाठी विटा आणि चाळण्या द्याव्यात, ताडपत्री द्यावी. हा खर्च एखाद्या फलकाच्या जाहिरातीहून कमी असतो. मंदिरांतील रोजच्या फुलांचे आणि अक्षतांचे विसर्जन कोठे होते, याची चौकशी विश्वस्तांनी करावी. आणि आपल्या मुलाच्या हातात हरित सेनेची वही दिसली तर ती जमाखर्चाच्या वहीइतक्याच गांभीर्याने वाचावी.

नृसिंहवाडीच्या घाटावर पंचगंगा कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग काही अंतर वेगळा दिसतो आणि मग एक होतो. पुढे ते पाणी कर्नाटकात जाते, तेलंगणात जाते, आंध्रात समुद्राला मिळते. कोल्हापुरात सोडलेली वस्तू कोणाच्या घाटावर लागते, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून ती सोडण्यापूर्वी, हातात असतानाच, तिचे काय करायचे ते ठरवलेले बरे.